अर्ध्या तासावरचं उट्रेख्त राहिलंच की!

हॉलंडच्या सहलीवरचा लेख छान, पण सगळा मुक्काम ॲमस्टरडॅम आणि ट्यूलिपच्या बागेतच! रेल्वेने अर्ध्या तासावरच्या उट्रेख्तला एक दिवस द्याच. १६७४ च्या वादळात तिथल्या चर्चचा मधला भाग कोसळला, तेव्हापासून ११२ मीटर उंच डोम टॉवर चर्चपासून तुटून एकटाच उभा आहे. कालव्याकाठच्या जुन्या तळघरांत आता कॅफे आहेत, अगदी पाण्याशेजारी बसायचं.

आणि होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यान! सपाट हॉलंडात वाळूच्या टेकड्या असतील असं वाटलं नव्हतं. आत फिरायला पांढऱ्या सायकली फुकट, ब्रेक मात्र पेडल उलटं दाबून लागतो (आमच्या ह्यांची पहिली पाच मिनिटं बघण्यासारखी होती). ऑगस्टअखेर माळ फुलांनी जांभळा होतो. जंगलातच क्रोलर-म्युलर संग्रहालय आहे. तिकीट वेगळं, पण व्हॅन गॉगची चित्रं निवांत बघता आली.