म्हणे काटेरी तारेच्या आत चित्रकार घडले!

एक फॉरवर्ड फिरतोय, माझ्याकडे एकाच दिवशी तीन ग्रुपवर आला. सार असं: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पकडलेल्या नाझींना इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर समुद्राकाठच्या हॉटेलांत ठेवलं, रंग-कॅनव्हास पुरवले, सगळे आनंदात होते आणि तिथे साधी माणसं चित्रकार होऊन बाहेर पडली, तेव्हा संकटाला घाबरू नका. खाली सूर्योदयाचा फोटो आहेच.

"पकडलेले नाझी". अहो, नाझींपासून पळालेले होते ते! जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्सचंच बघा. १९३७ मध्ये म्युनिकला नाझींनी 'भ्रष्ट कला' म्हणून टिंगलीचं प्रदर्शन भरवलं त्यात याची कामं टांगलेली, हा त्याआधीच नॉर्वेला निसटलेला, मग जर्मन तिथेही पोचले तेव्हा जून १९४० मध्ये बोटीने स्कॉटलंड गाठलं, आणि उतरल्यावर काय, तर 'शत्रुदेशाचा नागरिक' म्हणून आत. अशी पंचवीस हजारांच्या वर माणसं ब्रिटनने तेव्हा आत टाकली, त्यात कितीतरी ज्यू निर्वासित. (आपल्या नगरलाही तेव्हा जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना असंच डांबलं होतं, त्यातही नाझींपासून पळून आलेले ज्यू होते.)

"समुद्राकाठचं हॉटेल". डग्लस गावातल्या हचिन्सन चौकातली बोर्डिंग हाउसेस होती ती, मालकिणींना बाहेर काढून भोवती तार ठोकलेली, एकेका पलंगावर दोघं-दोघं. ब्लॅकआउटसाठी काचांना निळा रंग फासलेला आणि दिवे लाल, म्हणजे दिवसा निळा उजेड आणि रात्री लाल. मग तिथल्याच एका कैदी चित्रकाराने, हेल्मुट वाइसेनबोर्नने, दाढीचं ब्लेड घेतलं आणि त्या निळ्या रंगावर ओरखडून पुराणकथांमधली चित्रं काढली. बघता बघता बाकीच्यांनीही खिडक्या धरल्या.

आता "रंग-कॅनव्हास पुरवले". इथे मला खरंच हसू आलं. सुरुवातीला पेटर फ्लाइशमान विटा कुटून ती पूड सार्डिनच्या डब्यातल्या तेलात कालवायचा, तो त्याचा रंग. कॅनव्हास म्हणजे जमिनीवरचं उपटलेलं लिनोलियम. शिल्पकार म्युलर-ब्लेन्सडॉर्फने पियानोचं लाकूड कोरलं. तिकडे लिव्हरपूलजवळच्या हायटनच्या कॅम्पात ह्यूगो डाखिंगर वर्तमानपत्रावर चित्रं काढायचा, त्यामुळे बारकाईने पाहिलं तर तारेमागच्या माणसांच्या आरपार बातम्या आणि जाहिराती दिसतात. आणि श्विटर्स? त्याने नाश्त्याची उरलेली ओटची लापशी गोळा करून शिल्पं केली. त्यांना बुरशी आली, हिरवट केस फुटले, खोलीभर वास. ती शिल्पं अर्थातच टिकली नाहीत.

"साधी माणसं चित्रकार झाली". श्विटर्स, लुडविग माइडनर, गेओर्ग एर्लिख ही सगळी आधीच नावाजलेली मंडळी! कॅम्पने त्यांना घडवलं म्हणणं म्हणजे लॉकडाउनमध्ये पुरणपोळी केली म्हणून आजीला स्वयंपाक करोनाने शिकवला म्हणण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, हचिन्सनचा कमांडंट कॅप्टन ह्यूबर्ट डॅनियल भला माणूस होता, त्याने पुढे सामान मिळवून दिलं, काम करायला जागा दिली, प्रदर्शनं भरवू दिली. फॉरवर्डमध्ये नेमकं त्याचंच नाव नाही! आणि एवढं असूनही ऑगस्ट १९४० मध्ये तिथल्या सोळा कलावंतांनी 'न्यू स्टेट्समन' या लंडनच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं की काटेरी तारेमागे कला जगू शकत नाही, आम्हाला सोडा. पुढच्याच महिन्यात त्यांचं प्रदर्शन लागलं, तर लगेच कोणीतरी म्हणणार "बघा, जगली ना कला". अरे बाबा, ते सुटकेसाठी लिहिलेलं पत्र होतं. त्याच कॅम्पातल्या चित्रकार फ्रेड उलमानची मुलगी तो आत असताना जन्मली, आणि तो तारेमागे बसून फुगा घेतलेल्या एका छोट्या मुलीची चित्रं काढत होता.

राहता राहिलं "सगळे आनंदात होते". काहींना तर 'डुनेरा' बोटीत कोंबून ऑस्ट्रेलियात धाडलं. तिथल्या 'हे' (Hay) नावाच्या गावच्या कॅम्पात फक्त आत चालणाऱ्या नोटा हव्या होत्या, त्या १९४१ मध्ये व्हिएन्नाच्या गेओर्ग टेल्चरने डिझाइन केल्या, छापल्या गावातल्याच वर्तमानपत्राच्या छापखान्यात. नोटेला काटेरी तारेची किनार आहे, सहज बघितलं तर नुसती नक्षी वाटते. डोळ्याजवळ धरली की तारेच्या वेटोळ्यांत इंग्रजी अक्षरं लागतात: आम्ही इथे आहोत कारण आम्ही इथे आहोत कारण आम्ही इथे आहोत.