रिकामा डबा परत करायचा नसतो

आमच्या घरात कचऱ्याविरुद्ध दोन पक्ष आहेत आणि दोघांचाही प्रचार माझ्याच स्वयंपाकघरात चालतो. लेकीचं म्हणणं, पॅकिंगचा कागद आणि प्लास्टिक घरात येऊच द्यायचं नाही. सासूबाईंचं म्हणणं, एकदा घरात आलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. एरवी आजी-नातीचं गूळपीठ आहे. पण वसुबारस जवळ आली, नाशिकच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली आणि दाराशी खोकी येऊ लागली, की दोघी मला आपापल्या बाजूला ओढायला लागतात.

सासूबाईंचा साठा पाहण्यासारखा आहे. भेटवस्तूचा कागद आमच्याकडे फाडत नाहीत, सोडवतात. नखाने चिकटपट्टी उचलायची, घडी उलगडायची आणि कागद गादीखाली सरकवायचा. वर माणूस झोपला की इस्त्री आपोआप होते. त्या गादीखालचे काही कागद, ते ज्यांच्या बारशाला आले त्या मुलांच्या लग्नात आहेर गुंडाळून गेले आहेत. एका कागदाच्या आतल्या बाजूला ‘चि. बाळास अनेक आशीर्वाद’ असं लिहिलेलं राहून गेलं होतं आणि तो आम्ही एका सेवानिवृत्तीला नेला. त्या गृहस्थांनी मनावर घेतलं नाही.

यंदाची ठिणगी नवऱ्याच्या ऑफिसातून आलेल्या सुक्यामेव्याच्या खोक्याने पडली. आधी एक पिशवी, दिसायला कापडी, पण हाताला लागताच कळतं की कापूस तिच्या आसपासही फिरकलेला नाही. तिच्या आत खोकं, खोक्याभोवती पारदर्शक फिल्म. फिल्म काढली की सोनेरी कागदाची बाही, बाहीखाली मखमल डकवलेला पुठ्ठा, झाकणात लोहचुंबक. झाकण उघडलं की सॅटिनची गादी, गादीत प्लास्टिकच्या चार वाट्या आणि प्रत्येक वाटीला पुन्हा फिल्म. काजू इतके जपून निजवले होते की उठवताना संकोच वाटावा. संख्येने मात्र ते माणशी एक मूठही भरत नव्हते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

“१ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यांवर आणि आमंत्रणपत्रिकांवर असली प्लास्टिकची फिल्म गुंडाळायला देशभर बंदी आहे,” लेक म्हणाली.

“मग काय, काजू परत पाठवू?” नवऱ्याने विचारलं, तेही काजू खातखातच.

खरा पेच पुढे होता. ओला कचरा कळतो. सालं, देठं, उरलंसुरलं; घंटागाडीतून पाथर्डीच्या खत प्रकल्पात जातं आणि त्याचं खत होतं. पण कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, कापड आणि लोखंड एकमेकांना कायमचे चिकटलेले असले, तर त्याला ‘सुका’ म्हणून भागत नाही. असा एकजीव झालेला पदार्थ पुन्हा कागदात आणणं सोपं नसतं. लेकीने स्क्रू ड्रायव्हर घेतला. नरक चतुर्दशीला लोक उटणं लावून बसलेले असताना आमच्या हॉलमध्ये खोक्याचं शवविच्छेदन चालू होतं. सॅटिन सासूबाईंनी आधीच उचललं, बाळकृष्णाला होईल म्हणून. चुंबक फ्रिजवर गेला. उरलेल्या सांगाड्याकडे आम्ही तिघी बराच वेळ बघत बसलो. खाली घंटागाडीचं गाणं वाजत जवळ आलं आणि वाजतच लांब गेलं.

म्हणून मी रद्दीवाल्याला बोलावलं. या विषयातला त्याच्याइतका जाणकार माणूस माझ्या ओळखीत नाही. त्याने चकचकीत कागद मुठीत चुरगाळला आणि मूठ उघडली. कागद हळूहळू पुन्हा उलगडला. “ताई, हा कागद नाही, पन्नी आहे.” साधा कागद चुरगाळला की चुरगाळलेलाच राहतो, उलगडला तर त्यात प्लास्टिक आहे, ते गिरणीत कुणी घेत नाही. मिठाईच्या खोक्यांवरचा तुपाचा डाग बघून त्याने तीही बाजूला केली. तूप लगद्यात उतरलं की पुढचा कागद डागाळतो. पार्सलचा पुठ्ठा मात्र आनंदाने घेतला, फक्त चिकटपट्ट्या मला सोलायला लावल्या. या पार्सलवाल्यांबद्दल न बोललेलं बरं. पणत्यांची एक जोडी मागवली तर ज्यात मिक्सर मावेल असं खोकं येतं आणि त्यात पणत्यांपेक्षा हवेच्या पिशव्या जास्त. त्याने तोलून हातावर पैसे ठेवले. ज्या शहरात नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात, तिथे माझ्या एवढ्या कागदाची किंमत अर्धा किलो साखरेइतकीही होऊ नये! दिवाळी अंकांच्या चवडीकडेही त्याची नजर गेली होती, पण ती मी पदराआड केली. १९०९ पासून मराठी माणसाने एवढा एक कागद मनापासून विकत घेतला आहे. त्याला कोणी रद्दी म्हणायचं नाही.

घरची बचतही लेकीच्या तपासणीतून सुटली नाही. सासूबाई चकल्या तळून वर्तमानपत्रावर काढत होत्या. कागदाचा असा सदुपयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. “आजी, शाईत शिसं असू शकतं. अन्न वर्तमानपत्रावर ठेवू नये असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच सांगितलंय.” सासूबाईंनी झारा हवेत धरून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे वाचवलेला कागद वापरायचाही नाही? शेवटी आजोबांचा जुना सुती पंचा निघाला आणि चकल्या त्यावर विसावल्या. तेल माझ्याच वाट्याला आलं, कारण पंचा धुवायचा असतो हे पर्यावरणाच्या पुस्तकात नसावं.

मग दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तोडगा मी काढला. फराळ पुठ्ठ्याच्या खोक्यांतून न वाटता स्टीलच्या डब्यांतून वाटायचा. लेक खूश, कारण कचरा शून्य. सासूबाई खूश, कारण पूर्वी असंच होतं. भांडी बाजारातून डबे आणले, त्यांवर नाव घालून घेतलं. करंज्या, चिवडा, शंकरपाळे इमारतीभर रवाना झाले. शंकरपाळ्यांत सासूबाई जायफळ घालतात. लोक काही म्हणोत, घालतात.

पण डबा रिकामा परत करायचा नसतो. समोरच्या काकूंकडून चकल्या आल्या. त्या ओतून घेतल्या तर आता काकूंना काहीतरी द्यायला हवं. बँकवाल्या काकांकडून आमचा डबा आलाच नाही, त्यांचा आला, आणि त्यांच्या डब्यावर तिसऱ्याच घरचं नाव. भाऊबीजेपर्यंत आमच्या ओट्यावर आमचा एकही डबा नव्हता आणि परके डबे मांडायला जागा नव्हती. त्यातल्या एकावर ‘सौ. कमल, २२-५-७९’ असं कोरलेलं. इमारतीत कमल नावाची बाई नाही. नवऱ्याने डब्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून ‘हा कोणाचा?’ असं विचारलं. चौदा जणांनी हात जोडून शुभ दीपावली कळवली.

“कोणाची तरी सासू असणार कमल,” सासूबाई म्हणाल्या. “रिकामा नको ठेवूस.”

बेसनाचे लाडू भरून डबा सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला, ज्याचा असेल तो नेईल म्हणून. संध्याकाळी बेल वाजली. दारात कोणी नव्हतं, कमलचा डबा होता. आत लाडू नव्हते, शंकरपाळे होते. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

“अगं,” त्या म्हणाल्या, “जायफळ आपलंच आहे.”