अंगणातील मांजरे आणि डांबराच्या गोळ्यांचा ‘निर्धोक’ उपाय

मांजरांनी अंगणात घाण करू नये म्हणून वाफ्यांत डांबराच्या गोळ्या टाका, कडेने फिनेल शिंपडा, तिखट भुरभुरा, लाल पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि तरीही मांजर आलेच तर पोत्यात घालून लांब सोडून या, असा एक संदेश मोबाइलवरून वारंवार फिरतो. हे सर्व उपाय ‘घरगुती आणि निर्धोक’ असल्याची ग्वाहीही त्यात असते. ती ग्वाही खोटी आहे.

डांबराची गोळी म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. उघड्यावर तिचा वास विरून जातो, विष मात्र तिथेच पडून राहते. पोटात गेल्यास ती मांजराच्या तांबड्या पेशी आणि यकृत यांना इजा करते. शिवाय अंगणात रांगणारे मूल ती पांढरीशुभ्र गोळी खडीसाखर समजून तोंडात घालू शकते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या मुलाच्या रक्तपेशी तिच्यामुळे झपाट्याने फुटू लागतात. फिनेलचे दुखणे वेगळे आहे. फिनॉल वर्गातील रसायने निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते, आणि ओल्या फरशीवरून चालून गेलेले मांजर नंतर निवांत बसून पंजे चाटते, म्हणजे शिंपडलेले फिनेल थेट त्याच्या पोटात जाते. तिखट डोळ्यांत जाते आणि पहिल्या सरीत वाहूनही जाते. लाल बाटल्यांनी अपाय होत नाही, पण उपयोगही होत नाही. मांजराला लाल रंग नीट ओळखूच येत नाही.

पोत्याचा सल्ला मला सर्वांत क्रूर वाटतो. ती मांजरी व्यालेली असेल तर मागे माळ्यावर राहिलेली पिल्ले उपाशी मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत, अन्न तसेच उघडे असेल तर, लवकरच दुसरे मांजर येते. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि विष घालून मारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मांजर येते ते भुसभुशीत कोरड्या मातीसाठी, उघड्या अन्नासाठी आणि आडोशासाठी. खुराड्याला लावतात ती तारेची जाळी वाफ्यात मातीच्या थराखाली अंथरावी आणि तिची टोके खाली वळवून दाबावीत. रोपे छिद्रांतून वर येतात, पण उकरायला घेतलेला पंजा तारेला अडतो आणि मांजर तो वाफा सोडून देते. कुंड्यांत मोठे गोटे पुरतात, तर बांधकामाच्या वाळूवर ताडपत्री घालून कडांवर विटा ठेवाव्यात. मासळीचे पाणी आणि काटे झाकणाच्या डब्यातच जावेत. विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा रोगकारक परजीवी पसरतो ही भीती खरी आहे. मात्र त्याची बीजे संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून हातमोजे घालून रोजच्या रोज सफाई केल्यास धोका पुष्कळ कमी होतो, आणि गरोदर स्त्रीने हे काम करूच नये.

भिंतीवर मुतणारा बोका जाळीला दाद देत नाही. त्याची नसबंदी करून घ्यावी. बहुतेक बोक्यांची ती सवय त्यानंतर कमी होते. माळ्याचे किंवा जिन्याखालचे भोक बुजवण्यापूर्वी मात्र आत टॉर्च मारून पाहावे, आणि पिल्ले दिसली तर ती आईमागे हिंडू लागेपर्यंत काम पुढे ढकलावे.