‘श्रीमंत बायकांचा टाइमपास’ लिहिणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली. तेव्हाच उत्तर दिलं नाही, कारण भलतंच काहीतरी लिहून बसले असते.

ब्रिटनमधल्या सफ्राजेट, म्हणजे मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "ताई, जरा अभ्यास वाढवा. हा सगळा श्रीमंत बायकांचा टाइमपास होता, मताचा हक्क महायुद्धामुळे मिळाला आणि आपल्याकडे तर तो आयताच मिळाला." आधी ताई म्हणायचं आणि लगेच अक्कल काढायची, ही कुठली पद्धत? पटलं नाही तर तसं सांगा. कुठल्या पुरुषाच्या ब्लॉगवर ‘दादा, अभ्यास वाढवा’ असं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

एक मान्य करते, पुढारी बायकांमध्ये खात्यापित्या घरच्या बऱ्याच होत्या. पण टाइमपास? ॲनी केनी दहाव्या वर्षी लँकेशायरच्या कापडगिरणीत लागली, अर्धा दिवस काम अर्धा दिवस शाळा, गिरणीत तिचं एक बोट गेलं. १९०५ मध्ये मँचेस्टरच्या सभेत ती आणि चळवळीतली तिची सहकारी ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट ‘बायकांना मत देणार का’ म्हणून विचारत राहिल्या, तर दोघींना बाहेर काढून अटक केली, आणि दंड न भरता त्या तुरुंगात गेल्या.

आणि तुम्हाला श्रीमंतच हवी असेल तर कॉन्स्टन्स लिटन घ्या. शाळेत व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट शिकलो ना आपण, तो आणणाऱ्या व्हाइसरॉय लिटनची ही मुलगी. १९०९ मध्ये तुरुंगात तिने अन्न सोडलं, तर हृदय नाजूक आहे म्हणून दोन दिवसांत सुटका. तिला कळलं की ही दया आडनावावर आहे. मग १९१० च्या जानेवारीत केस कापून, स्वस्तातले कपडे घालून, जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई बनून ती लिव्हरपूलला मुद्दाम पकडली गेली. वॉल्टन तुरुंगात तिने पुन्हा अन्न सोडलं, तर आधी कोणी तिचं हृदय तपासलं नाही, जबरदस्तीने भरवायला तोंडात पोलादी चाप घालून नळी घशाखाली सारली, असं आठ वेळा. पहिल्याच वेळी सगळं उलटून पडलं तर जाताना डॉक्टरने गालावर चापट मारली. दोन वर्षांनी पक्षाघात झाला, मग डाव्या हाताने लिहायला शिकून तिने हे सगळं लिहून ठेवलं.

मला ऑपरेशननंतर नाकातून नळी घातली होती. नर्स हात धरून प्रेमाने "गिळा, गिळा" म्हणत होती, मी स्वतः तयार होते, तरी नळी घशाला लागली की उमासे आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिथे तुरुंगात चार पहारेकरणी हातपाय दाबून धरायच्या. त्यामुळे टाइमपास हा शब्द मला कोणी शिकवू नये.

बाकी, महायुद्धाचं म्हणाल तर १९१८ चा कायदा तिशीपुढच्या बायकांनाच होता, वर घर-मालमत्तेची अट, दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या बहुतेक पोरी त्यात बसतच नव्हत्या. बरोबरीचं मत १९२८ मध्ये मिळालं. आणि आयतं म्हणाल तर १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन भारतातल्या बायकांच्या मतासाठी लंडनला जाऊन खासदारांचे उंबरे झिजवत होत्या, ते काय हवापालटासाठी? त्यांच्यावर वेगळा लेख लिहितेय. तो शेवटपर्यंत वाचा आणि मगच कमेंट करा, ‘ताई’ नाही म्हटलंत तरी चालेल.