आमच्या वाटणीची २२ कार्डं

बेसबॉल कार्डांचा नाद लागायचाच असेल तर माणसाने न्यूयॉर्कचे श्रीमंत यांकीज धरावेत, नाहीतर लॉस एंजेलिसचे डॉजर्स. पण नाद आणि अक्कल एका घरात नांदत नाहीत. पिट्सबर्गचा मराठी माणूस पेन हिल्सच्या बालाजीला जातो, अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या मैदानावर जातो, आणि कधीतरी मुकाट्याने तिथल्या पायरेट्स संघाची कार्डं जमवायला लागतो. बालाजीकडे निदान प्रसाद सगळ्यांना सारखा मिळतो. पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९७९ साली. पुढे १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं ते जिंकले कमी आणि हरले जास्त. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये हा विक्रम आहे, आणि तो मोडायला कोणी टपलेलं नाही.

अशा संघाचा संग्राहक नवा सेट आला की कार्डं बघत नाही, मोजतो. आधी आपली, मग यांकीजची, आणि मग अन्याय झाल्याचं जाहीर करतो. भारतीय संघात मुंबईचेच किती, ही मोजदाद ज्यांनी नागपुरात कट्ट्यावर बसून केली आहे त्यांना हा स्वभाव समजावून सांगायला नको.

हिशेब वरवर सोपा आहे. १९९८ पासून लीगमध्ये ३० संघ आहेत. टॉप्स या कार्ड कंपनीचा २०२२ चा मुख्य सेट दोन भागांत ३३० आणि ३३०, म्हणजे ६६० कार्डांचा. भागिले ३० म्हणजे प्रत्येकी २२, बाकी शून्य. संघात खेळाडू २६ असतात, तेव्हा चौघे तसेही बाहेर राहणार. ते चौघे कोण हे सांगायला ज्योतिषी नको. राखीव कॅचर आणि सहाव्या-सातव्या डावात येऊन घाम पुसत जाणारे पिचर यांना कार्डावर सहसा जागा नसते, मग संघ कुठलाही असो. एवढ्यापुरती समता आहे.

खरी गंमत पुढे सुरू होते. चेकलिस्ट, म्हणजे सेटमधल्या कार्डांची यादी, स्प्रेडशीटमध्ये उतरवून संघाच्या रकान्याला फिल्टर लावला की जो आकडा येतो तो पहिल्या खेपेला हमखास चुकीचा असतो. सेटमध्ये एकट्या खेळाडूंचीच कार्डं असतात असं नाही. संघाचं सामाईक कार्ड असतं. लीग लीडर्सच्या, म्हणजे आकडेवारीत आघाडीवर असलेल्यांच्या, कार्डावर तीन संघांचे तिघे असतात. दोन दोस्त खांद्यावर हात टाकून हसतायत, असंही एखादं असतं. तिघांचं कार्ड तिन्ही संघांच्या खात्यावर चढवलं तर बेरीज ६६० च्या पुढे जाते, आणि अन्याय सिद्ध करायला बसलेल्या माणसाला ते दिसत नाही, कारण त्याला हवा असलेला आकडा तोवर मिळालेला असतो. नियम असा ठेवावा: एकट्याचं कार्ड पूर्ण एक, तिघांचं प्रत्येकी एक तृतीयांश, सामाईक कार्ड हिशेबातून बाद. ते सगळ्यांनाच एकेक मिळतं. एवढं चाळून झालं की दोन-चार कार्डांचा फरक उरतो. तो उरतोच. पण त्याचं कारण न्यूयॉर्कात शिजलेला कट नव्हे. ते पायरेट्सच्या स्वतःच्या कार्यालयात शिजतं.

मुख्य सेटचा पहिला भाग फेब्रुवारीच्या आसपास बाजारात येतो, दुसरा उन्हाळ्यात आणि वर्षातले फेरबदल दाखवणारा अपडेट सेट शरदात. गरीब संघ काय करतो? जुलैअखेर आपला कमावता खेळाडू श्रीमंत संघाला देतो आणि बदल्यात तीन पोरं आणतो. कमावत्या खेळाडूचं पुढचं कार्ड नव्या संघाच्या गणवेशात निघतं. पोरं अजून मायनर, म्हणजे खालच्या, लीगमध्ये, आणि २००६ पासूनचा दंडक असा की मोठ्या लीगपर्यंत पोचल्याशिवाय मुख्य सेटमध्ये रुकी, म्हणजे नवखा खेळाडू, म्हणून प्रवेश नाही. पोरांची कार्डं निघतात, पण बोमनमध्ये. म्हणजे आमच्या संघाचा भूतकाळ दुसऱ्याच्या पानावर आणि भविष्यकाळ दुसऱ्याच ब्रँडमध्ये, मुख्य सेटमध्ये उरतो तो निव्वळ वर्तमानकाळ, आणि तो कसा आहे ते वर सांगितलंच. पिचर गेरिट कोलला २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, सर्वांत पहिला निवडला पायरेट्सनी, घडवला पायरेट्सनी. २०१८ च्या जानेवारीत तो ह्यूस्टनला गेला, २०१९ च्या डिसेंबरात यांकीजकडे. तेव्हापासून त्याची चकचकीत कार्डं ब्राँक्सच्या, म्हणजे यांकीजच्या, खात्यावर जमा.

जुना काळ अधिक न्यायी होता, असं सांगणारी वडीलधारी मंडळी या छंदातही आहेत. तेव्हाचा न्याय कागदाच्या तावावर चालायचा. एका तावावर १३२ कार्डं छापली जात. म्हणून सेट ६६० चा, म्हणजे पाच ताव, किंवा १९८२ ते १९९२ या वर्षांत ७९२ चा, म्हणजे सहा ताव. तेव्हा संघ होते २६. ७९२ भागिले २६ करून पाहा, साडेतीसच्या खाली कुठेतरी उत्तर लोंबकळतं. १९७८ ते १९८१ या चार वर्षांत तर सेट ७२६ चा आणि ताव सहा. ६६ जागा उरल्या, म्हणून ६६ कार्डं दोनदा छापली. आता दुप्पट छापलं जाणं हा सन्मान की अपमान? चेकलिस्टमध्ये एकच ओळ, बाजारात दुप्पट माल, भाव उतरलेला. संघांची मोजदाद करणाऱ्यांनी हा स्तंभ आपल्या स्प्रेडशीटमध्ये कधी उघडलेला नसतो.

१९७४ ची तऱ्हा तर सरकारी खात्याला शोभेल अशी. सॅन डिएगोचे पाद्रेज वॉशिंग्टनला जाणार असं नक्की मानून टॉप्सने त्यांची काही कार्डं ‘वॉशिंग्टन नॅशनल लीग’ अशी छापली. मग रे क्रॉक नावाच्या मॅकडोनाल्ड्सच्या मालकाने संघ विकत घेतला आणि तो जागेवरच राहिला. परिणाम असा की अस्तित्वातच नसलेल्या संघाला १५ कार्डं मिळाली. अस्तित्वात असून रखडलेल्या संघांच्या चाहत्यांनी याची नोंद घ्यावी.

आणि सातव्या क्रमांकाचं प्रकरण. १९९६ च्या सेटमध्ये यांकीजच्या मिकी मँटलला त्याच्या जर्सीचा ७ नंबर देऊन टॉप्सने तो नंबर निवृत्त केला. पुढे १९९७ ते २००५ मुख्य सेटमध्ये सातवं कार्डच नाही. सेट क्रमाने लावणाऱ्या प्रत्येकाच्या बाइंडरमध्ये, मग तो सिएटलचा असो वा सिनसिनाटीचा, पहिल्या पानावर तळातल्या रांगेचा डावीकडचा कप्पा सलग नऊ वर्षं यांकीजसाठी रिकामा. कार्ड न काढताही प्रतिनिधित्व मिळवायचं हे कसब फक्त त्यांनाच जमतं. आमच्याकडे पोर्तो रिकोचा रोबेर्तो क्लेमेंते होता. त्याला १९५७ ते १९६९ टॉप्सने कार्डावर ‘बॉब’ करून ठेवलं.

पायरेट्सची बाजू अगदीच लंगडी आहे असं मात्र नाही. छंदातलं सर्वांत गाजलेलं कार्ड, टी-२०६ या जुन्या सिगारेट-कार्डांच्या मालिकेतला होनस वॅग्नर, आमचाच. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२.५ लाख डॉलर्सना गेली. बॅरी बाँड्सचं टॉप्सच्या १९८६ च्या ट्रेडेड, म्हणजे तेव्हाच्या अपडेट, सेटमधलं ‘११टी’ आणि १९८७ चं ३२० नंबरचं, दोन्ही पायरेट्सच्या गणवेशातली. १९८७ च्याच, डॉनरस या दुसऱ्या कंपनीच्या ‘ओपनिंग डे’ सेटमध्ये बाँड्सच्या नावाखाली आधी जॉनी रेचा फोटो छापला गेला, नंतर सुधारला. चुकीचं कार्ड दुर्मीळ आणि महाग. पण जॉनी रेही पायरेट्सचाच, त्यामुळे संघाच्या मोजदादीत या चुकीने काडीचा फरक पडला नाही. अशी समजूतदार चूक क्वचितच होते.

एकूण, बेस, म्हणजे मुख्य, सेटवर भांडायला फारसा वाव नाही. दात ओठ खायचे असतील तर इन्सर्ट कार्डं काढावीत. इन्सर्ट म्हणजे पुडीत मधूनमधून येणारी, वेगळ्या डिझाइनची, जुन्या दंतकथांना वाहिलेली कार्डं. इथे ३० ने भागण्याचा प्रश्नच येत नाही. रूथ, गेरिग, मँटल, जीटर ही यांकीजची नावं संपेपर्यंत यादी संपलेली असते. १९९८ साली जन्मलेल्या टँपा बेच्या चाहत्याने दंतकथा कुठून आणायची? त्याच्याकडे वेड बॉग्ज आहे, ज्याने १९९९ मध्ये तिथे ३,००० वा हिट मारला, तोही होमरन. पण बॉग्ज दंतकथा म्हणून छापायचा तर त्याच्या डोक्यावर टोपी बॉस्टनची येते. अपडेट सेटमध्ये थोडी सोय आहे: निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात प्रत्येक संघाचा निदान एक खेळाडू असावा असा नियम आहे, त्यामुळे कितीही हरलं तरी आमचा एक जण छायाचित्रकाराच्या तावडीत सापडतो.

पॅरलल कार्डांत, म्हणजे बेस कार्डांच्याच वेगळ्या रंगातल्या मोजक्या प्रतींत, मात्र कडकडीत समाजवाद आहे, आणि छोट्या संघांच्या लोकांनी इथेच डोकं वापरावं. २०२२ च्या बेस कार्डाची सोनेरी आवृत्ती २,०२२ प्रतींची, काळी ७१ ची, स्वातंत्र्यदिनाची ७६ ची, प्लॅटिनम एकच. यांकीजच्या आरन जजची सोनेरी २,०२२ आणि आमच्या पाचव्या स्टार्टरचीही, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरांतल्या शेवटच्याचीही, तेवढीच, एकही कमी नाही. फरक भावात. जजचं प्लॅटिनम हातात येण्यासाठी घर गहाण टाकावं लागेल. आमच्या पाचव्या स्टार्टरचं घ्यायला कोणी पुढे आलं तर विकणाराच आधी दोनदा खात्री करून घेतो.

ज्यांना हे पटत नाही ते ब्रेकमध्ये शिरतात. ब्रेक म्हणजे एक जण पेटीभर बॉक्स घेतो, ३० संघांचे ३० वाटे पाडून विकतो आणि कॅमेऱ्यासमोर पुड्या फोडतो. संघ निवडून घ्यायचा असेल तर डॉजर्सचा वाटा महाग, आमचा चिल्लर. चिठ्ठी टाकून घ्यायचा असेल तर सगळ्यांना एकच दर आणि नशिबाला बोल. गणित आधी करावं. २०२२ च्या हॉबी बॉक्समध्ये २४ पुड्या, पुडीत १४ कार्डं, म्हणजे ३३६, संघागणिक सरासरी ११. पण अनेक ब्रेकमध्ये बेस कार्डं पाठवतच नाहीत, फक्त ‘हिट’ पाठवतात, म्हणजे सही किंवा जर्सीचा तुकडा असलेलं कार्ड. ते बॉक्सला एक. पेटीत बॉक्स १२. बारा हिट आणि तीस संघ, म्हणजे निदान १८ जणांनी पैसे भरून दुसऱ्याच्या पुड्या फुटताना पाहायच्या आणि ‘वा, छान’ म्हणायचं. शिवाय दोन संघांचं कार्ड निघालं तर कोणाचं, हे पैसे भरण्याआधी नियमात वाचून घ्यावं. सर्वसाधारण रिवाज असा की कार्डावर जो संघ छापला आहे त्याच्या वाट्याला ते जातं, खेळाडू आज कुठे आहे याला किंमत नाही. एंजल्सच्या गणवेशातला ओहतानी एंजल्सवाल्याचाच. वाद उरतो माँट्रियलचा. तो संघ २००५ मध्ये वॉशिंग्टनला गेला, म्हणून एक्स्पोजची कार्डं बहुतेक ठिकाणी नॅशनल्सच्या वाट्यात टाकतात, आणि माँट्रियलचा म्हातारा चाहता फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटतो.

संपूर्ण समता कशी दिसते हे पाहायचं असेल तर पॅनिनी या कंपनीची बेसबॉल कार्डं पाहावीत. त्यांच्याकडे खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता, लीगचा नव्हता. म्हणून टोपीवरचं चिन्ह पुसलेलं, जर्सीवरचं नाव पुसलेलं. कुणाच्याही संघाला काहीही नाही. सगळे खेळाडू गावाबाहेरच्या टोपीच्या दुकानातून नुकतेच बाहेर पडल्यासारखे. भांडण मिटलं, आणि त्याबरोबर कार्ड बघण्याची इच्छाही.

मांडणीचं एक राहिलं. नऊ कप्प्यांच्या पानांत २२ कार्डं लावली तर तीन पानं लागतात आणि पाच कप्पे उरतात. ते पुढच्या वर्षाच्या कार्डांनी भरू नयेत, नाहीतर अपडेट सेट आला की अख्खा बाइंडर सरकवावा लागतो. अपडेटचे आमचे मोजके मोहरे त्याच पाचांत बसवावेत. पीव्हीसीची स्वस्त पानं घेऊ नयेत, ती कार्डाला चिकटतात. इथे सगळे संघ समान आहेत, चिकटायला त्यांना मँटलही चालतो.

इतकी वर्षं हे स्वस्ताईचं सुख अन्यायाच्या नावाने गळा काढत उपभोगून झालं, आणि मग पायरेट्सकडे पिचर पॉल स्किन्स आला. ११ मे २०२४ ला पदार्पण, वर्षअखेर नॅशनल लीगचा सर्वोत्तम रुकी. पदार्पणाच्या जर्सीवरची पट्टी आणि त्याची सही असलेलं त्याचं एकमेव कार्ड त्या नाताळात सापडलं ते लॉस एंजेलिसकडच्या ११ वर्षांच्या मुलाला, म्हणजे डॉजर्सच्या अंगणात. पायरेट्सनी बदल्यात होमप्लेटच्या मागच्या खुर्च्यांची ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. पायरेट्सचे सामने ३० वर्षं पाहायचे, ही ऑफर त्या कुटुंबाने नम्रपणे नाकारली यात नवल नाही. मार्च २०२५ मध्ये कार्ड ११ लाख १० हजार डॉलर्सना लिलावात गेलं, आणि घेतलं ते पिट्सबर्गजवळच मुख्यालय असलेल्या खेळसाहित्याच्या एका साखळीने.

संघाचा मान वाढला हे कबूल. इन्सर्टमध्ये आता आमचा माणूस दिसतो, फोटो बदललेल्या दुर्मीळ आवृत्त्यांतही दिसतो. त्या ओळखायच्या तर कार्डामागच्या अगदी बारीक कोडचे शेवटचे आकडे नेहमीच्या कार्डाशी ताडून पाहावे लागतात. पण ब्रेकमधला पायरेट्सचा वाटा आता चिल्लरीत मिळत नाही. ज्यांनी आयुष्यात पिट्सबर्ग नकाशावर शोधलं नाही ते तो उचलतात, स्किन्स काढून घेतात आणि उरलेले २१ जण आम्हाला पाकीटभर देऊन टाकतात, टपालखर्च आमचा.