स्टीयरिंगचा ‘टंग’ आवाज, चेकिंगचे पैसे आणि एक स्टार: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार दिलाय आणि तक्रारी लिहिल्यात त्या अशा: गाडी रात्रभर अडकवून ठेवली, ‘एका फालतू बेअरिंगसाठी’ चेकिंगचे 600 रुपये घेतले, वर अलाइनमेंटचे वेगळे लावले आणि एवढं करून आवाज पुन्हा येतोच आहे. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत ‘रॅक गेलाय’ (रॅक म्हणजे स्टीयरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग) म्हणून सांगितलं होतं, हेही लिहिलंय. उत्तर जरा लांबेल, पण असा आवाज घेऊन फिरणारे इतरही हे वाचणार आहेत.

गाडी रात्रभर का ठेवली? तुमचं म्हणणं होतं, सकाळी पार्किंगमधून रिव्हर्स घेताना फुल कट मारला, म्हणजे स्टीयरिंग शेवटपर्यंत फिरवलं, की ‘टंग’ वाजतं. गाडी आमच्याकडे आली भर दुपारी, यवतेश्वर घाट उतरून, चांगली तापलेली. कितीही कट मारले तरी आवाज येईना. आवाज स्वतः ऐकल्याशिवाय स्टीयरिंगचा एक नटही खोलायचा नाही, ही आमच्याकडची पद्धत आहे. म्हणून फोन करून विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, तेव्हाच गाडी मुक्कामी ठेवली.

सकाळी थंड गाडीत पहिल्याच कटला आवाज आला. हेल्पर आत बसून स्टीयरिंग फिरवत होता आणि मी उजव्या चाकाच्या वरून हात घालून स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवली होती. चाक वळतंय, पण स्प्रिंगचं वरचं टोक जागचं हलत नाही. पीळ भरत जातो आणि मग एकदम सुटतो. बोटांना झटका बसला त्याच क्षणी ‘टंग’. याचा व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे, आवाज मोठा करून बघा.

शॉकअपच्या वरच्या टोकाला, माउंटिंगखाली एक बेअरिंग असतं. चाक वळलं की शॉकअप आणि स्प्रिंग त्याच्यावर फिरतात. त्यात पाणी-चिखल गेला, ग्रीस धुऊन निघालं की ते गंजून जाम होतं. पावसाळाभर कासच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांत हे आम्ही नेहमी बघतो. आवाज बॉडीच्या पत्र्यातून डॅशबोर्डापर्यंत चढतो, त्यामुळे सीटवर बसलेल्याला तो स्टीयरिंगमधूनच आल्यासारखा वाटतो. तुमचा समज चुकीचा होता असं अजिबात नाही, भल्याभल्यांना तसंच वाटतं.

आता रॅक. रॅकचा बुश किंवा रॅक एंड (रॅकच्या टोकाचा सांधा) झिजला की तो जास्त करून सरळ जाताना, बारीक खड्ड्यांत खटखटतो आणि ती खटखट हाताला जाणवते. आम्ही गाडी रॅम्पवर चढवून पुढची चाकं दोन्ही बाजूंनी धरून हलवली. प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. रॅकचे रबरी बूटही शाबूत. एक्सलचा जॉइंट असता तर गाडी कटमध्ये चालत असताना सलग टकटकटक वाजलं असतं, तुमची तर उभी गाडी वाजत होती. ‘स्टीयरिंग ऑइल कमी झालं असेल’ असंही त्या गॅरेजवाल्याने म्हटल्याचं तुम्हीच आम्हाला सांगितलं. सर, तुमच्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टीयरिंग आहे. कॉलमवर मोटर आहे, ऑइल भरायला टाकीच नाही. त्या पाच मिनिटांबद्दल मी याहून जास्त बोलत नाही.

बेअरिंग स्वस्त आहे, खरंय. पण ते बदलायला अख्खा शॉकअप उतरवावा लागतो आणि स्प्रिंग कंप्रेसर लावून स्प्रिंग दाबावी लागते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो, त्यामुळे ते काम घाईत होत नाही. शॉकअपचे खालचे बोल्ट खोलले की चाकाचा कोन हलू शकतो, म्हणून अलाइनमेंट. ती टाळली असती तर पुढचे टायर एका बाजूने झिजले असते आणि तेव्हाही रिव्ह्यू आमच्यावरच आला असता!

चेकिंगच्या 600 रुपयांचं म्हणाल तर बिलाची शेवटून दुसरी ओळ बघा. काम आमच्याकडे केलं की ते मजुरीत वळते होतात, तुमचेही झालेत. काम केलं नसतं तर मात्र घेतले असते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. रॅक बदलून पाच आकडी बिल केलं असतं तर चेकिंग ‘फ्री’ लिहिणं सोपं होतं.

राहिला आत्ताचा आवाज. तुम्हीच लिहिलंय की तो ‘खड्ड्यात खडखड’ आहे. म्हणजे हा वेगळा आवाज. जॉब कार्डवर ‘डावा लिंक रॉड ढिला, बदलणे’ (लिंक रॉड म्हणजे सस्पेन्शनमधली जोडणारी दांडी) अशी नोंद आहे आणि तुम्ही ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाला होतात. तोच असेल असं वाटतं, पण ऐकल्याशिवाय ठाम सांगणार नाही. तोवर सावकाश चालवा. स्टीयरिंग मध्येच जड झालं, अडकलं किंवा डॅशबोर्डवर स्टीयरिंगचा दिवा लागला तर गाडी तिथेच उभी करा आणि फोन करा, टोइंग पाठवतो.

सोमवार सोडून कधीही सकाळी साडेनऊच्या आत या आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसा. या आवाजाच्या चेकिंगचे पैसे लावणार नाही. लिंक रॉड निघाला तर भाव आधी सांगू, मग तुम्ही ठरवा. जुनं बेअरिंग पिशवीत घालून डिकीत ठेवलंय, तेही एकदा हातात घेऊन फिरवून बघा.

– गॅरेज मालक, सातारा