आयर्लंडचे सगळे कागद जळाले, हे खरं नाही

‘1922 च्या आगीत आयर्लंडची सगळी दप्तरं जळाली. त्यात न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडवर, स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, साहेबाने लोकांची आडनावं बदलून टाकली. तेव्हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेलेल्या आयरिश पूर्वजांचा शोध म्हणजे वेळेचा अपव्यय.’ वंशावळींचा विषय निघाला की हे ठरलेलं वाक्य येतंच. ऐकायला पटतं, आणि शोध न घेण्याची सोयही होते.

आग खरी आहे. आयरिश यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, 30 जून 1922 रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत स्फोट झाला आणि तिथलं सरकारी अभिलेखागार बेचिराख झालं. 1821 ते 1851 च्या चार जनगणना जवळजवळ पूर्ण गेल्या. मृत्युपत्रं गेली, चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या नोंदवह्यांचा मोठा वाटा गेला. पण त्यापुढच्या चार जनगणनांचं खापर आगीवर फोडू नये. 1861 आणि 1871 चे तक्ते सरकारनेच काम झाल्यावर नष्ट केले होते. 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात, कागदाच्या टंचाईपायी, लगद्यात गेले. 1901 आणि 1911 च्या जनगणना शाबूत आहेत आणि घरबसल्या फुकट पाहता येतात.

जळालेल्या जनगणनाही शंभर टक्के गेल्या नाहीत, आणि त्यातला एक भाग वाचला तो पेन्शनमुळे! 1909 पासून सत्तरी उलटलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागलं. पण म्हाताऱ्यांकडे जन्मदाखला कुठून असणार? सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद 1864 मध्ये सुरू झालेली. मग अर्जदार आईबापांची नावं आणि गाव लिहून देई आणि कारकून 1841 किंवा 1851 च्या जनगणनेत ते घर शोधून वय पडताळी. मूळ वह्या जळाल्या, पण शोधाचे हे अर्ज राहिले. कुणाची आजी किंवा मामा गाव सोडून गेलेला असेल, तर मागे राहिलेल्या भावंडाच्या अर्जात ते घर सापडू शकतं.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. 1845 पासूनच्या बटाट्याच्या महादुष्काळात देशोधडीला लागलेले बहुसंख्य लोक कॅथलिक होते, आणि कॅथलिक नोंदवह्या फोर कोर्ट्समध्ये नव्हत्याच. त्या गावोगावच्या चर्चमध्ये होत्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची मायक्रोफिल्म केली आणि 2015 मध्ये ती पानं सर्वांसाठी खुली केली. अक्षर गिचमिड आणि नावं बऱ्याचदा लॅटिनमध्ये: जेम्स शोधायचा तर ‘जेकोबस’, विल्यम शोधायचा तर ‘गुलिएल्मस’. पण बाप्तिस्म्याच्या एका ओळीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं, धर्मपिता-धर्ममाता मिळतात, आणि हे बहुधा काका-मावशी किंवा शेजारी असतात. 1847 ते 1864 मधली ग्रिफिथची जमीन-आकारणीही वाचली आहे. जमीन कोण कसतो, मालक कोण, आकार किती. आपल्या सातबाऱ्याचा चुलतभाऊच म्हणा.

आता एलिस आयलंड. ते उघडलं 1 जानेवारी 1892 ला. दुष्काळात निघालेल्यांनी ते पाहिलंही नाही. कित्येक जण तर कॅनडात उतरून मग दक्षिणेला अमेरिकेत गेले. शिवाय तिथला अधिकारी नावं लिहून घेत नसे. जहाजावरून आलेल्या यादीशी ताडून पाहत असे. नावांची स्पेलिंगं बदलली ती लिहिणाऱ्याच्या कानामुळे किंवा त्या माणसाच्या स्वतःच्या इच्छेने. एलिस आयलंडवरची पहिली प्रवासी, कॉर्कची ॲनी मूर, हिचं नाव कुणी बदललं नव्हतं. तरी वर्षानुवर्षं टेक्ससमध्ये वारलेल्या भलत्याच ॲनी मूरला तो मान मिळत राहिला. ती बाई मुळात जन्मली इलिनॉयमध्ये! खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली होती, हे 2006 मध्ये कागदपत्रांवरून सिद्ध झालं. घरात सांगतात म्हणून मानायचं, हा रोग आगीपेक्षा जास्त शोध बुडवतो.

खरी अडचण ही की अमेरिकन कागदांवर जन्मस्थानाच्या रकान्यात नुसतं ‘आयर्लंड’ असतं, आणि पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं, नाव हाती लागल्याशिवाय त्या फुकटच्या नोंदवह्यांचा उपयोग नाही. मर्फी नावाचे लोक हजारोंनी आहेत. पॅरिशचं नाव अमेरिकेतच शोधावं लागतं: थडग्याच्या दगडावर, लग्नाच्या चर्च-नोंदीत, मृत्युलेखात. बॉस्टनच्या ‘पायलट’ वृत्तपत्रात 1831 पासून हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती छापून येत, त्यात गाव-पॅरिश असे. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने तर ओळख पटवण्यासाठी खातेदारांचं जन्मगाव, आईबाप, भावंडं वहीत लिहून ठेवली.

आडनावाचं कुलचिन्ह छापलेले कप आणि फ्रेमा मात्र विकत घेऊ नका. चिन्ह व्यक्तीला दिलं जातं, आडनावाला नाही.

आणि हो, शोध थांबतो तो कुठे? आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अनेक पॅरिशांत नोंदवह्याच एकोणिसाव्या शतकात कधीतरी सुरू झाल्या. त्याआधीच्या भूमिहीन मजुराचं नाव लिहिलंच गेलं नसेल, तर ते जळायचा प्रश्नच येत नाही.